बायकोवरचं प्रेम देवाच्या आड येतं का?

सप्रेम सलाम, दादा.

तुमच्या पत्रात मुख्य तीन गोष्टी आहेत. मागच्या उन्हाळ्यात पत्नी वारल्या, घरी दुखवट्याची प्रार्थना झाली, आणि मंडळीतल्या एका जाणत्या बंधूंनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, ‘तुम्ही तिला देवापेक्षा लई जीव लावला होता, म्हणून देवानं तिला काढून घेतलं.’ ते वाक्य तुमच्या डोक्यातून जात नाही. दुसरं म्हणजे, तेव्हापासून तुम्ही ठरवलंय की आता फक्त देवावर अवलंबून राहायचं, कुणात जीव गुंतवायचा नाही. बारावी झालेल्या लेकीशीसुद्धा बोलणं मुद्दाम तोडत आणलंय. आणि तिसरं, कबरीवर दगड बसवायचाय; कमिटीचे लोक त्यावर ईयोबाचं, म्हणजे बायबलमधल्या त्या दुःख सोसलेल्या भक्ताचं, वचन लिहा म्हणतात, ते तुम्हाला नको वाटतं, आणि असं नको वाटणं हाही अविश्वासच का, असं तुम्ही विचारता.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात आडपडदा ठेवण्यासारखं काही नाही. त्या बंधूंनी सांगितलं ते चूक आहे. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, त्याला आधार नाही. मी मराठवाड्यातल्या मंडळ्यांमध्ये पाळकपण करता करता म्हातारा झालो. हे वाक्य जालन्याकडे ऐकलंय, बीडकडे ऐकलंय, उदगीरच्या बाजूलाही ऐकलंय. बोलणाऱ्याला दर वेळी वाटतं की आपण देवाची बाजू मांडतोय. प्रत्यक्षात तो देवावर खुनाचा आळ घालत असतो, आणि ऐकणारा बिचारा खाली मान घालून ‘आमेन’ म्हणतो.

तरी हे वाक्य हवेतून आलेलं नाही. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. वचन खरंच आहे, आणि कडक आहे. ते पातळ करून सांगणाऱ्यांतला मी नाही. पण तो अख्खा अध्याय वाचा. येशू शिष्यांना गावोगाव पाठवतोय आणि सांगतोय की तुमचा छळ होईल, भाऊ भावाला धरून देईल, माणसाच्या घरचेच त्याचे वैरी होतील. घरचे म्हणतील ‘आम्ही की ख्रिस्त, एक निवड’, त्या घडीसाठी हे वचन आहे.

आपल्या भागातल्या जुन्या घरांना ही घडी सांगून कळवावी लागत नाही. नारायण शेषाद्री १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. ब्राह्मणाचं घर. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता. पोर लहान म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, आणि त्याला परत जातीत घ्यायचं की नाही यावर मुंबईत मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्या म्हणणाऱ्यांत होते. नारायणरावांपुढे आईबाप की ख्रिस्त हा पेच खराखुरा उभा होता, आणि त्यांनी ख्रिस्त निवडला. हेच नारायणराव पुढे जालन्याला आले, आणि ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी त्यांनी जवळच बेथेल वसवलं. ज्याचं घर सुटलं त्याने पुढे दुसऱ्यांची घरं बसवली. त्या वचनाचा अर्थ ‘माया तोडा’ एवढाच असता, तर वस्ती कशाला वसवायची?

आता तुमचं पाहा. तुमच्या पत्नीने तुम्हाला ख्रिस्त सोडायला कधी सांगितलं होतं का? तुम्हीच लिहिलंय की रविवारी उपासनेला तीच तुम्हाला ओढून न्यायची, दशांशाचे, म्हणजे मंडळीला द्यायच्या दहाव्या हिश्श्याचे, पैसे तीच पिठाच्या डब्यामागे वेगळे काढून ठेवायची. म्हणजे पेच मुळात पडलाच नव्हता. जो पेच पडलाच नाही, त्यात तुम्ही हरलात कसे?

ज्या येशूने ते कडक वचन सांगितलं, त्यानेच मार्काच्या सातव्या अध्यायात दुसऱ्या लोकांना झापलंय. ते लोक आईबापाला सांगत, ‘तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते मी कुर्बान केलंय, देवाला वाहिलंय’, आणि म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडत. येशू त्यांना म्हणाला की तुम्ही देवाचं वचन रद्द करताय. देवाचं नाव पुढे करून माणसाचं प्रेम चुकवणं त्याला चाललं नाही. आणि वधस्तंभावर, श्वास घेणं मुश्किल असताना, त्याने आईची सोय लावली. ती एका शिष्याच्या हवाली केली. जगाचं तारण चालू असताना आईचा विचार मनात आला, म्हणून ते तारण कमी पडलं असं कुणी म्हटलेलं नाही.

त्या बंधूंच्या बोलण्यात खरी गोची आहे ती त्यांनी धरलेल्या तराजूची. एका पारड्यात देव, दुसऱ्यात बायको. बायकोचं पारडं खाली गेलं की देव रागावला. पण देव पारड्यात बसणारी वस्तू नाही. प्रेषित पौल अथेन्सच्या अरीयपगावर उभं राहून सांगतो की देवाला कशाची उणीव असल्यासारखी माणसाच्या हातून सेवा घ्यावी लागत नाही, उलट जीवन, श्वास आणि सगळं काही तोच सगळ्यांना देतो. आपण त्याच्याच ठायी जगतो, वागतो आणि आहोत. हा ख्रिस्ती विचाराचा पाया आहे. देवाने जग निर्माण केलं ते त्याचं काही अडलं होतं म्हणून नाही. तुमच्या प्रेमाचा एक शेर बायकोला गेला म्हणून त्याच्या घरात एक शेर कमी पडत नाही. तिच्यावर प्रेम करण्याची ताकद तुमच्यात आली तीही त्याच्याकडूनच. योहान आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो की पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो, आणि लगेच पुढे म्हणतो की डोळ्यांपुढच्या भावावर जो प्रीती करत नाही त्याला न पाहिलेल्या देवावर प्रीती करता येणार नाही. दोन्ही वचनं एकाला लागून एक आहेत. आपले लोक पहिलं पाठ करतात आणि तिथेच थांबतात.

‘पण देव ईर्ष्यावान आहे’, असं कुणी म्हणेल. दहा आज्ञांमध्ये आहेच ते. पण कशाबद्दल? कोरीव मूर्ती, दुसरे देव यांच्याबद्दल. नवऱ्याने बायकोला जीव लावला म्हणून देवाला ईर्ष्या झाली, असं मोशेपासून योहानापर्यंत कुठेही नाही.

कुणी जरा जास्त वाचलेला असेल तर तो तुमच्यापुढे यहेज्केलाचा चोविसावा अध्याय उघडेल, म्हणून तेही सांगून ठेवतो. तिथे देव संदेष्ट्याला सांगतो की तुझ्या डोळ्यांना जी प्रिय तिला मी एका तडाख्यात नेणार आहे, तू शोक करू नकोस. सकाळी तो लोकांशी बोलला, संध्याकाळी त्याची बायको मेली. हा अध्याय मलाही जड जातो, आणि दुखवट्याच्या घरात मी तो वाचत नाही. पण त्यातही यहेज्केलाला दोष दिलेला नाही. तू तिच्यावर फार प्रेम केलंस, असा शब्द नाही. लोकांनी विचारलं, हे कशाचं चिन्ह, तेव्हा यरुशलेमाच्या मंदिराचं, असं उत्तर आलं. एका संदेष्ट्याला एका शहराच्या नाशाच्या वेळी मिळालेलं ते चिन्ह होतं. अंबड तालुक्यातल्या एका बाईच्या कावीळीचा अर्थ लावायला ते वापरण्याचा अधिकार तुमच्या बंधूंना कुणी दिला? तसं सांगायचं तर आधी यहेज्केलाला आला तसा शब्द यायला हवा, नुसती बायबल आणि चष्मा असून भागत नाही.

आता दुसरी गोष्ट. मला जास्त काळजी हिचीच आहे.

तुम्ही यिर्मया संदेष्ट्याचं वचन लिहून पाठवलंय: जो मनुष्यावर भिस्त ठेवतो तो शापित. आणि त्यावरून निष्कर्ष काढलाय की कुणाची गरज वाटणं हाच पापाचा उगम आहे. दादा, ज्या यिर्मयाने हे लिहिलं त्याचं पुढे काय झालं ते बघू.

बाबेलचं सैन्य यरुशलेमाला वेढा घालून बसलंय, दरबारी लोक मिसरच्या फौजेकडे डोळे लावून बसलेत. मनुष्यावर भिस्त म्हणजे काय, तर फारोचे घोडे आपल्याला वाचवतील आणि मग देवाचं ऐकायची गरज नाही, हा हिशोब. त्याच वचनात पुढे आहे, ‘ज्याचे हृदय परमेश्वरापासून फिरते’. तो तुकडा आपण सोडून देतो. यिर्मया या हिशोबाविरुद्ध बोलला म्हणून सरदारांनी त्याला हौदात टाकलं. हौदात पाणी नव्हतं, गाळ होता, आणि तो गाळात रुतला.

आणि त्याला बाहेर कुणी काढलं? राजवाड्यातला एक परदेशी कूशी नोकर, एबद-मलेख. तो राजाकडे गेला, परवानगी काढली, तीस माणसं घेतली, मग भांडारात जाऊन जुनी फाटकी लुगडी-चिंध्या गोळा केल्या. त्या दोरानं खाली सोडल्या आणि वरून ओरडून सांगितलं, ‘ह्या चिंध्या काखेत घाल, वरून दोर घे.’ शास्त्राने हे एवढं बारीक का लिहून ठेवलं असेल? दुष्काळात तळ गाठलेल्या विहिरीत माणूस सोडताना दोर काखेत कसा कापतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. उपासमारीने वाळलेल्या माणसाच्या काखेला दोर लागेल, हे त्या कूशी माणसाला सुचलं. देवाने यिर्मयाला वाचवलं, हे खरंच. पण ते चिंध्यांसकट वाचवलं. आणि पुढच्याच अध्यायात देव त्या एबद-मलेखाला निरोप पाठवतो की तूही वाचशील, कारण तू माझ्यावर भाव ठेवलास. बघा, त्याने केलं काय होतं? दुसऱ्या माणसाच्या काखेचा विचार. देवाने तो आपल्यावरचा विश्वास म्हणून मोजला.

‘मनुष्यावर भिस्त नको’ म्हणणाऱ्या यिर्मयाने ‘नको, मला देव काढेल’ म्हणून दोर परत पाठवला नाही. तुम्ही मात्र दोर परत पाठवताय. वहिनी रोज भाकरी पाठवते ती तुम्ही ‘प्रभू पुरवील’ म्हणून परत करता, असं लिहिलंय. अहो, प्रभूनेच पाठवली होती ती.

पौलाचंही तसंच. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय आज रात्री वाचा, छोटा आहे. तुरुंगात म्हातारा पौल लिहितो की पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूला कोणीच उभं राहिलं नाही, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला आणि त्याने मला शक्ती दिली. देवावर अवलंबून राहणं याहून जास्त काय असतं? पण त्याच अध्यायात तो तीमथ्याला म्हणतो, लवकर ये. मार्काला घेऊन ये. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण. आणि पुन्हा, हिवाळ्याच्या आधी ये. प्रभू जवळ उभा आहे, आणि तरीही थंडी वाजते, झगा हवा आहे, तीमथ्य हवा आहे. पौलाला यात काही विसंगत वाटलेलं नाही. फिलिप्पैच्या लोकांना तो सांगतो की त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाला टेकला होता, देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. ‘जगणं मला ख्रिस्त आणि मरणं लाभ’ हे लिहिणारा हाच माणूस, याच पत्रात. मित्र गेला असता तर त्याने ‘लाभ’ म्हणून टाळ्या वाजवल्या नसत्या.

आणि खुद्द प्रभू? धरला जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत तो तिघा शिष्यांना म्हणाला, इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. त्याला सोबत हवी होती. ते झोपले, तेव्हा त्याला वाईट वाटलं. ज्याला माणसांची गरज वाटते तो देवापासून दूर गेला असं धरलं, तर येशूलाच त्यात धरावं लागेल.

मुळात हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायापासून ठरलेलं आहे. पाप अजून जगात आलेलं नाही. आदाम बागेत आहे, देव त्याच्याशी बोलतोय. त्याला देव आहे, पूर्ण देव आहे. आणि तरी देवच म्हणतो, मनुष्य एकटा असावा हे बरे नाही. ‘मी आहे ना, तुला आणखी कोण कशाला’ असं म्हणायचा अधिकार असलेला एकच होता, त्याने ते म्हटलं नाही. आपल्या बीड-अंबडकडून दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देताना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळी बांधणार, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. एकाचं आजारपण म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. माझ्या मंडळीतली अशी जोडपी मार्च-एप्रिलमध्ये परत आली की पहिल्या रविवारी उपकारस्तुती करतात, आणि त्या स्तुतीत बायको नवऱ्याचं नाव घेते, नवरा बायकोचं. त्यांना कधी शंका येत नाही की आपण देवाचं श्रेय माणसाला देतोय. शंका येते ती आपल्यासारख्या जरा जास्त वाचणाऱ्यांना.

जास्त वाचणाऱ्यांचंच सांगायचं तर तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने याचा विचार फार नीट केलाय. देव सगळं स्वतःच करू शकतो, मग तो माणसांमार्फत का करतो, असा प्रश्न तो घेतो. त्याचं उत्तर असं की देवाची ताकद कमी पडते म्हणून नाही, त्याचा चांगुलपणा इतका उदंड आहे की दुसऱ्याच्या हातून भलं होण्याचा मानही तो आपल्या निर्मितीला देतो. आणि त्याचंच दुसरं प्रसिद्ध म्हणणं, कृपा निसर्गाला मोडत नाही, पूर्णत्वाला नेते. नवऱ्याचा बायकोवरचा जीव हा निसर्ग. कृपा येऊन तो उपटून टाकत नाही.

‘माया तोडावी’ ही भाषा आपल्या ख्रिस्ती घरांत कुठून आली याचा मी अधूनमधून विचार करतो. आजूबाजूच्या कीर्तनांतून आली म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. पैठणचे एकनाथमहाराज बायकामुलांत राहूनच भक्ती करत होते. मला वाटतं ही भाषा दुःखातूनच येते. भाजलेला माणूस म्हणतो आता चूलच नको, आणि मग त्याला शास्त्रातलं वचन शोधतो.

एवढं सगळं म्हटल्यावर, तुमच्या मनातल्या भीतीत खरं काहीच नाही असंही मी म्हणणार नाही. प्रेमात एक चूक होते. पण ती जास्त प्रेमाची नसते. आपण माणसाकडे असं काही मागतो जे त्याच्याकडे नसतंच. तू कधी मरू नकोस. तू माझं सगळं भर. मी कोण ते तूच ठरव. जुन्या काळचा मोठा ख्रिस्ती आचार्य ऑगस्टीन तरुण असताना त्याचा जिवलग मित्र तापाने गेला, तेव्हा त्याला सगळं गावच मरणासारखं दिसू लागलं. शेवटी तो गाव सोडून कार्थेजला गेला. पुढे वयाने आणि विश्वासाने मोठा झाल्यावर त्याने त्या दुःखाचं मूळ शोधलं: मरणाऱ्या माणसावर मी असं प्रेम केलं की जणू तो मरणारच नाही. त्याने ‘प्रेम करायला नको होतं’ असं म्हटलं नाही. देवामध्ये मित्रावर प्रेम करणाऱ्याला तो धन्य म्हणतो. पुढे ३८७ साली ओस्तियाला त्याची आई मोनिका वारली. आधी त्याने डोळे कोरडे ठेवले, आपण विश्वासी आहोत, रडायचं कसं, म्हणून. मग एकांतात देवापुढे भरपूर रडला, आणि पुढे लिहून ठेवलं की कुणाला हे पाप वाटलं तर त्याने हसू नये, माझ्यासाठी रडावं.

ही मागणी जिथे जास्त होते ती घरं मी पाहिलीत. मुलगा एकुलता एक, आईचा जीव की प्राण. त्याला पुण्याला नोकरी लागते आणि आईची दुखणी सुरू होतात, प्रत्येक सुट्टीला नवं दुखणं. तिला त्याच्यावर प्रेम आहेच, पण तिने त्याला देवाच्या जागी बसवलंय, आणि पंचवीस वर्षांच्या पोराला ती जागा झेपत नाही. तो मोडतो. देवावर अवलंबून असलेला माणूस इथे वेगळा वागतो. त्याचा शेवटचा आधार दुसरीकडे असल्यामुळे तो पोराला हसत गाडीत बसवू शकतो. हा फरक मला पुस्तकांपेक्षा एसटी स्टँडवर जास्त दिसलाय.

तुमची लेक नर्सिंगसाठी संभाजीनगरला जायचं म्हणते. तुम्ही त्या आईच्या उलट्या टोकाला आहात: ती पोराला सोडत नाही, तुम्ही पोरीला धरतच नाही. पण दोघांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पुन्हा काही हिरावलं जाईल ही धास्ती. आणि तुमच्या बाबतीत किंमत कोण देतंय? त्या लेकरानेही आई गमावलीय. आता बापही अर्धा गेला. ती मनात म्हणत असेल, आई गेली यात माझं काही चुकलं का. ‘फक्त देवावर अवलंबून’ हा तुमचा नवस तिच्या पोटातून वसूल होतोय. येशूने कुर्बानवाल्यांना जे सांगितलं ते इथे तंतोतंत लागू आहे. तिथे आईबाप होते, इथे लेक आहे.

तेव्हा तिच्याशी बोला. मोठं काही बोलायला नको. फॉर्मची शेवटची तारीख कधी, कागदपत्रं कोणती, जातीचा दाखला निघाला का, हॉस्टेलचं काय, एवढ्यापासून सुरू करा. सोबत संभाजीनगरला जा, कॉलेज बघा, तिच्या आईचं नाव घ्या. तिच्यासमोर रडू आलं तर येऊ द्या. मेलेल्या लाजराच्या, आपल्या मित्राच्या, कबरीजवळ प्रभू थोड्याच वेळात त्याला उठवणार होता, हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो रडला. १५४२ साली मार्टिन लूथरची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना गेली, तेव्हा त्याने मित्राला कळवलं की ती सुटली म्हणून आम्ही नवराबायकोने देवाचे आभारच मानायला हवेत, पण रडल्याशिवाय आम्हाला ते जमत नाही. ज्याने ‘केवळ विश्वासाने’ हे अख्ख्या युरोपला सांगितलं, त्याला विश्वासाने अश्रू आवरता आले नाहीत, आणि आवरायला हवेत असंही त्याला वाटलं नाही.

पत्राच्या कडेला तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की हल्ली प्रार्थनेत काही मागावंसंच वाटत नाही, नुसता बसून राहतो, हा विश्वास थंडावल्याचा प्रकार असेल. मला तसं वाटत नाही. १३१ वं स्तोत्र बघा, तीनच वचनं आहेत. स्तोत्रकर्ता म्हणतो, माझा जीव दूध तुटलेल्या लेकरासारखा आईजवळ शांत आहे. अंगावर पिणारं लेकरू आईजवळ येतं ते दुधासाठी. मिळेपर्यंत रडतं, ओढतं. दूध तुटल्यावर पहिले काही दिवस ते चिडतं, आदळआपट करतं, आईच्या पदराशी झटापट करतं. मग एक दिवस नुसतंच येऊन मांडीवर बसतं. काही नको असतं त्याला, फक्त आई हवी असते. अवलंबून राहणं यात संपलेलं नाही. उलट ते आता देण्याघेण्यापलीकडे गेलंय. तुम्हाला तो टप्पा आलाय असं मी म्हणत नाही, कदाचित तुम्ही आदळआपटीच्या दिवसांतच असाल. पण नुसतं बसून राहणं ही प्रार्थना धरली जाते. मागणं जेव्हा परत येईल तेव्हा येईल.

एक व्यवहाराची गोष्ट. झोप लागत नाही, जेवण जात नाही, असं लिहिलंय. हे आणखी लांबलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. तिथवर जाणं होत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा फोन लावा, पैसे लागत नाहीत. पौलाबरोबर लूक होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. गोळी घेतली म्हणून प्रार्थना रद्द होत नाही. आणि वहिनीची भाकरी परत करू नका.

त्या बंधूंशी भांडू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर बरे होते, तोंड उघडलं तेव्हा बिघडलं. शेवटी देवाने ईयोबालाच त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली. तुमची ताकद झाली की तुम्हीही करा. तोपर्यंत ते आले तर चहा द्या आणि पिकापाण्याचं बोला. पुन्हा तोच विषय काढला तर ‘पाळकसाहेबांशी बोला’ म्हणून माझ्याकडे पाठवा.

आता दगड. ‘परमेश्वराने दिले व परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम’ हे ईयोब बोलला, स्वतःच्या दुःखाबद्दल, स्वतःच्या तोंडाने. ते दुसऱ्याच्या तोंडात कोंबायचं वचन नाही. तुम्हाला ते म्हणावंसं वाटेल तेव्हा म्हणा. कमिटीला ते आवडतं म्हणून दगडावर आलंच पाहिजे असा काही नियम माझ्या माहितीत नाही. नको वाटणं हा अविश्वास नाही. तोच ईयोब पुढे कितीतरी अध्याय देवाशी वाद घालतो, आणि देव शेवटी म्हणतो की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोबच.

मला विचाराल तर फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय पहिला, तिसरं वचन घ्या. त्यात आठवण माणसाची आहे आणि आभार देवाचे आहेत. एका ओळीत बसतं. लेकीला वाचून दाखवा, तिला पसंत पडलं तरच टाका. वचन तुमच्याकडच्या बायबलमधून जसंच्या तसं उतरवून कारागिराला लेखी द्या, तोंडी सांगू नका. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दगडावर खोडता येत नाहीत. दगड लहान असेल तर वरती नाव आणि दोन तारखा, खाली नुसता संदर्भ चालेल. बसवायचं पावसाळ्यानंतर ठेवा, काळी माती एक पावसाळा बसू द्यावी लागते, नाहीतर दगड कलतो. तारीख ठरली की कळवा, माझ्या एका रविवारची उपासना दुसरे पाळक घेतील.